टिटवी पास झाली

टिटवी पास झाली त्या दिवशी तिच्या आईला जेवण गेलं नाही. आजोबा मात्र दोन घास जास्तच जेवले, ताट बोटाने निपटून घेतलं आणि आज कसं मोकळं मोकळं वाटतंय म्हणाले. सुनेने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ताटं उचलली.

टिटवी दोन वर्षं सात महिन्यांची. जन्मली तेव्हा इतकी रडली होती की शेजारच्या खाटेवरच्या बाईने नर्सकडे कानात घालायला कापूस मागितला. आजोबांनीच मग कौतुकाने तिचं नाव टिटवी ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे रडणं कमी झालं, आणि त्याच्या जागी जे यायला हवं होतं ते काही आलं नाही. हाक मारली तर ती वळत नसे. कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. ‘आई’ म्हणाली नव्हती, ‘दे’ म्हणाली नव्हती, ‘नको’सुद्धा म्हणाली नव्हती. बाहेरच्या दाराची कडी तिला फार आवडे. ती खाली-वर, खाली-वर करण्यात तिची सकाळ जाई. आता घरात कुणी तिचं नाव घेतलंच तर जरा हळू आवाजात घेत असे.

ज्यांची मुलं बोलण्यात, चालण्यात, समजण्यात मागे राहतात त्यांच्यासाठी गावात एक केंद्र होतं. तिथली शिकलेली माणसं दर आठवड्याला घरी येत आणि मुलाबरोबर काम करत. ‘जितकं लवकर तितकं चांगलं’ असं त्या केंद्राच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि त्या भिंतीसमोर सात महिन्यांची रांग होती. शिवाय ही सोय फक्त तीन वर्षांपर्यंत. मूल तीन वर्षांचं झालं की त्याचा कागद दुसऱ्या ऑफिसात जाई, आणि तिथली रांग किती लांब आहे हे विचारलं तर लोक विषय बदलत.

टिटवीची आई वीज कंपनीच्या तक्रार कक्षात फोनवर बसायची. ‘तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे’ हे वाक्य ती दिवसातून दीडशे वेळा म्हणे. या सात महिन्यांत केंद्राकडून तेच वाक्य ऐकताना तिला पहिल्यांदा कळलं की ते पलीकडून कसं लागतं. टिटवीचे वडील ट्रकवर. आठवड्यातून दीड दिवस घरी असत आणि त्यातला एक झोपत. म्हणजे दिवसभर टिटवी असायची ती आजोबांजवळ.

आजोबांना सगळे हेडमास्तरच म्हणत, घरातसुद्धा. एकतीस वर्षं त्यांनी एकच शाळा चालवली आणि एकतीस वर्षं शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. त्याचं गुपित गावात सगळ्यांना माहीत होतं. तपासणीच्या आधी तीन आठवडे घोकंपट्टी, आणि तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना सुट्टी. हेडमास्तरांना त्यात काही वावगं वाटत नसे. परीक्षा ही पास होण्यासाठी असते, एवढा साधा हिशेब.

सात महिन्यांनी केंद्राचं पत्र आलं. अमुक तारखेला आमच्या बाई घरी येतील आणि पहिली चाळणी घेतील. मुलाला बारा गोष्टी करायला सांगतील. आठ किंवा जास्त आल्या तर पुढच्या मदतीची गरज नाही, त्याहून कमी आल्या तर मदत सुरू. पालकांनी घाबरून जाऊ नये म्हणून त्या बाराही गोष्टी पत्राच्या मागे छापलेल्या होत्या. चार ठोकळे एकावर एक ठेवणे, नाक दाखवणे, मागितलेली वस्तू हातात देणे, टाटा करणे, असं सगळं.

पत्र टिटवीच्या आईने वाचलं आणि फडताळात ठेवलं. एकही जमणार नाही, असं तिला वाटलं. त्यात दुःख होतं, पण सात महिन्यांनी थोडा सुटकेचा श्वासही होता.

हेडमास्तरांनी पत्र दुसऱ्या दिवशी काढलं. मागची बाजू वाचली, चष्मा पुसला आणि परत वाचली. परीक्षेला तीन आठवडे होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हातात अभ्यासक्रम दिला होता.

रोज दुपारी तीन वाजता वर्ग भरू लागला. हेडमास्तर स्टुलावर, टिटवी समोर सतरंजीवर, आणि मधे मनुकांचा डबा. पहिले चार दिवस त्यांनी तिचा हात स्वतःच्या हातात धरून नाकाला लावला आणि तोंडात मनुका घातला. पाचव्या दिवशी तिने आपण होऊन नाकाला बोट लावलं. हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी वहीत लिहिलं नाही. वहीत फक्त लिहिलं: ‘नाक. पूर्ण.’ तीन आठवड्यांत बारापैकी दहा गोष्टी पूर्ण झाल्या. दोन बोलायच्या होत्या, त्या त्यांनी ऑप्शनला टाकल्या. सुनेला काहीच सांगितलं नाही. तिला निकालाच्या दिवशीच आनंद द्यायचा होता.

चाळणीच्या दिवशी बाई आल्या. हे त्यांचं दिवसातलं चौथं घर होतं आणि त्यांच्या पायांना ते कळत होतं. त्यांनी पिशवीतून ठोकळे काढले. टिटवीची आई शेजारी बसली, हेडमास्तर हात पाठीमागे बांधून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

टिटवीने चार ठोकळे एकावर एक ठेवले.

तिच्या आईला आनंद झाला, आणि लगेच पत्रातला आठचा आकडा आठवला. बाई म्हणाल्या, नाक दाखव. टिटवीने नाक दाखवलं. चेंडू दे. टिटवीने चेंडू दिला. पाचवी गोष्ट झाली, सहावी झाली. बाई सातवी विचारायच्या आतच टिटवीने टाटा केला. पत्रात सातवी गोष्ट तीच होती. बाई हसून म्हणाल्या, हुशार आहे. टिटवीची आई मनातल्या मनात म्हणत होती, एक तरी चुकू दे. आपल्या पोटच्या पोरीने चुकावं म्हणून आपण इथे हात जोडून बसलोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आठवी गोष्ट तिने पाहिलीच नाही.

बारापैकी दहा. बाईंनी कागदावर शिक्का मारला. मदतीची आवश्यकता नाही. बोलायला काही मुलांना उशीर होतो, काळजी करू नका, असंही त्या म्हणाल्या.

“पण ती मला आई म्हणत नाही,” टिटवीची आई म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. कागदावर दहा लिहिलेले होते आणि यादीतलं पाचवं घर वाट बघत होतं. त्या गेल्या.

जेवणं झाल्यावर हेडमास्तरांना राहवेना. त्यांनी वही आणून सुनेसमोर ठेवली. तारीखवार, विषयवार, सगळं सुवाच्य अक्षरात. तिने शेवटपर्यंत वाचली. मग ती हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही पेपर फोडलात.”

एकतीस वर्षांत हेडमास्तरांना लोक पुष्कळ बोलले होते, पण हे कुणी बोललं नव्हतं. केंद्रानेच तर पत्रावर छापलं होतं, असं ते म्हणाले. मग, मूल पास झालं तर आईला वाईट वाटतं हे आपण आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, असंही म्हणाले. सून उठली. आतल्या खोलीत जाऊन टिटवीशेजारी आडवी झाली. टिटवीने कूस बदलून तिच्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवसापासून तिने केंद्राला फोन लावायला सुरुवात केली. तिकडच्या क्लार्कने नंबर घेतला, निकाल पाहिला आणि विचारलं, “मूल पास झालंय. मग तक्रार काय आहे?”

“पास झालंय, हीच तक्रार आहे.”

क्लार्कने निकाल परत एकदा पाहिला. मग त्याने समजावून सांगितलं की हरकतीचा फॉर्म एकाच प्रकारचा असतो, आणि त्यावर ‘मुलाला कमी गुण मिळाले’ एवढं एकच कारण छापलेलं आहे. जास्त मिळाले म्हणून आजवर कुणी आलेलं नाही. फेरचाळणी सहा महिन्यांनी होते. सहा महिन्यांनी टिटवी तीन वर्षं एक महिन्याची असणार होती. हे तिने सांगितल्यावर त्याने कुठलीशी नियमावली काढली. परीक्षेत गैरप्रकार झाला असेल तर फेरचाळणी आधी घेता येते, पण ज्याने तो केला त्याने तसं लिहून द्यायला हवं.

ते तिने हेडमास्तरांना सांगितलं. हेडमास्तर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि बऱ्याच वेळाने कागद मागितला.

पहिला मसुदा असा होता: ‘सदर बालिकेची पूर्वतयारी अपेक्षेपेक्षा काही अंशी अधिक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ सुनेने तो परत केला. दुसऱ्यात त्यांच्या एकतीस वर्षांच्या सेवेचा तपशील दीड पान होता आणि टिटवीचा उल्लेख ताजा कलममध्ये. तोही परत आला. तिसऱ्या कागदावर त्यांनी एकच ओळ लिहिली, ‘मी माझ्या नातीला प्रश्नपत्रिका आधी सांगितली.’ खाली सही केली, सवयीने ‘माजी मुख्याध्यापक’ लिहिलं, मग ते खोडून ‘आजोबा’ लिहिलं.

दहा दिवसांनी केंद्राचं उत्तर आलं. आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. मात्र जे मूल तीन आठवड्यांत दहा गोष्टी शिकतं, ते उत्तम शिकू शकतं हे आपल्याच पत्रावरून सिद्ध होतं. सबब फेरचाळणीची आवश्यकता दिसत नाही.

हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं. नाही म्हटलं तरी ‘उत्तम’ या शब्दावर त्यांची नजर जरा रेंगाळली. सुनेने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

मग तिने तेच केलं जे तिच्या कक्षात फोन करणारे चिवट ग्राहक करायचे आणि ज्यांचा तिला मनस्वी राग येई. रोज एकला दहा कमी असताना, क्लार्क डबा उघडण्याच्या बेतात असताना, ती फोन लावी. भांडत नसे. फक्त तक्रारीचा नंबर सांगे, टिटवीचं वय महिने आणि दिवसांत सांगे, आणि लाइन धरून ठेवी. तेराव्या दिवशी क्लार्कने बहुधा गार डब्याला कंटाळून तारीख दिली. या वेळी केंद्रात यायचं, तपासणी मोठी असेल, आणि दिवसभर मुलाजवळ जे असतात त्यांनी बरोबर यायचं.

तारखेला साडेतीन आठवडे होते. टिटवीच्या वडिलांनी कुठल्याशा धाब्यावरून फोन करून सांगितलं की तोवर तिला सगळं विसरू द्या. टिटवीच्या आईने हेडमास्तरांना बजावलं की वर्ग बंद, ठोकळे माळ्यावर, मनुका नाही. हेडमास्तरांनी मान डोलावली. शिकवलेलं विसरायला लावायचं काम त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. मुलं ते आपापली करत.

पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता टिटवी आपण होऊन आली. सतरंजी नव्हती तरी त्याच जागी बसली आणि नाकाला बोट लावून थांबली. आजवर ती कुणाजवळ स्वतःहून आली नव्हती. हेडमास्तरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. दहा मिनिटांनी खाली करून पाहिलं तर ती तशीच. वीस मिनिटांनीही तशीच. माझ्याकडे आली, त्यांना वाटलं, आणि त्या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. काही झालं तरी पोरीला आपली सवय झाली.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला त्यांनी डबा स्टुलाजवळून उचलला आणि पलीकडच्या खोलीत कपाटावर ठेवला, तिला मोह नको म्हणून. मग येऊन स्टुलावर बसले आणि आज वर्तमानपत्रही घेतलं नाही. ती आली तर निदान तिच्याकडे बघून हसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तीन वाजले. टिटवी त्यांच्या समोरून गेली. पलीकडच्या खोलीत जाऊन कपाटासमोर बसली आणि कपाटाला नाक दाखवलं. मग कान. मग कपाटाला टाटा केला.

हेडमास्तर दारात उभे राहून बघत होते. तिने दहाच्या दहा गोष्टी क्रमाने केल्या, एकही चुकली नाही. मग पहिल्यापासून सुरू केलं. ते तिथेच जमिनीवर बसले. शाळेतल्या त्या सुट्टी दिलेल्या पोरांपैकी एकाचंही नाव त्यांना आठवेना. आठवायचा प्रयत्न त्यांनी यापूर्वी केला नव्हता.

सुनेला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. ती विचारायची, विसरतेय का, आणि ते म्हणायचे, बघू.

केंद्रातली खोली छोटी होती. जमिनीवर निळी गादी, कोपऱ्यात खेळणी, आणि गादीवर मांडी घालून बसलेली एक तरुण ताई. टिटवीला तिने काहीच करायला सांगितलं नाही. नुसतं मोकळं सोडलं आणि बघत राहिली. मग हेडमास्तरांना म्हणाली की आता प्रश्न तुम्हाला. अठरा आहेत. फक्त हो किंवा नाही म्हणा.

हेडमास्तर ताठ बसले. सून भिंतीला टेकून उभी होती. ती जीव मुठीत धरून आली होती, कारण या प्रश्नांची उत्तरं कुणाच्या हातात आहेत ते तिला दिसत होतं.

नावाने हाक मारली तर बघते का, ताईने विचारलं.

“तसं म्हटलं तर, कधी कधी तिचं लक्ष—”

“हो की नाही, आजोबा?”

“नाही.”

एखादी गोष्ट आवडली तर तुम्हाला दाखवायला आणते का? नाही. तुम्ही बोट दाखवलंत तर तिकडे बघते का? नाही. पडली, लागलं, तर तुमच्याकडे येते का?  नाही. दुसऱ्या मुलांकडे बघते का? नाही. प्रत्येक ‘नाही’ आधीच्यापेक्षा हळू येत होतं. नवव्या प्रश्नाला त्यांनी पाणी मागितलं. सुनेने बाटली दिली. झाकणही तिनेच उघडून दिलं. तिने इतके महिने याच उत्तरांची वाट पाहिली होती, आणि आता तिला वाटत होतं की एखादं तरी ‘हो’ यावं.

सतरावा प्रश्न आला. तुम्ही खोलीत नसलात तर तिला कळतं का, ती तुम्हाला शोधते का?

हेडमास्तरांनी बाटली खाली ठेवली. 

“मी मनुकांचा डबा कपाटावर ठेवला,” ते म्हणाले, “तर ती कपाटासमोर जाऊन बसते. मला वाटलं होतं, माझ्यासमोर बसते.”

ताईने पेन खाली ठेवलं. सुनेला तेव्हाच कळलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

अठरापैकी सतरा ‘नाही’. अठरावा प्रश्न झोपेचा होता, त्याला ‘हो’. मोठी तपासणी पुढे तासभर चालली. शेवटी ताईने कागद दिला. मदत तातडीने सुरू करावी. पुढच्या मंगळवारपासून, तिसऱ्या वाढदिवसापर्यंत, एकूण अकरा भेटी. सवयीने ती अभिनंदन म्हणाली आणि मग तिलाच कसंतरी झालं. कुणी तिला नावं ठेवली नाहीत. सून थँक्यू म्हणाली, हेडमास्तर थँक्यू म्हणाले. परत येताना रिक्षात कागद हेडमास्तरांच्या मांडीवर होता. आयुष्यातला पहिला नापासाचा निकाल, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर दोन्ही हात ठेवले होते.

मंगळवारी ताई आली तेव्हा हेडमास्तरांनी टेबल मांडून ठेवलं होतं. ठोकळे, चित्रं, नवी वही, दोन पेन्सिली तासून. ताईने सगळं बाजूला केलं. आज टिटवीला काही शिकवायचं नाही, म्हणाली. आज पाळी तुमची. दहा मिनिटं टिटवी जे करेल तेच करायचं. तिला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही, दाखवायचं नाही, चांगलं-वाईट म्हणायचं नाही.

हेडमास्तर म्हणाले, एवढंच ना.

टिटवी पडद्याची कड दोन बोटांत धरून चोळत होती. हेडमास्तरांनी दुसरी कड धरली. पाऊण मिनिट चोळली. मग म्हणाले, “हा काय आहे बरं? प... प... पड...”

ताईने घड्याळ थांबवलं. परत सुरू केलं. दुसऱ्या खेपेला ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि मग टिटवीला म्हणाले, शाब्बास. तिसऱ्या खेपेला तोंडाने बोलले नाहीत, पण बोटाने पडद्यावरची फुलं मोजायला लागले.

जाताना ताईने कागद भरला. टिटवीच्या रकान्यात एवढंच होतं: निरीक्षण चालू. त्याखाली ‘आजोबा’ असा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं: ‘सूचना समजतात. पाळता येत नाहीत. भरपूर सराव हवा.’ त्यावर घरातल्या मोठ्या माणसाची सही लागते म्हणून तिने कागद सुनेपुढे केला. सुनेने वाचलं. बऱ्याच महिन्यांत तिला हसू आलं नव्हतं, त्यामुळे ते दाबायचं कसं हे ती विसरली होती. हेडमास्तर छताकडे बघत होते.

“घरी नीट लक्ष देईन,” ती ताईला म्हणाली, आणि सही केली.

अकरातल्या चार भेटी झाल्या. टिटवी काही बोलली नाही. कुणाकडे आली नाही. हेडमास्तरांची कंबर धरली आणि त्यांचा शेरा ‘सराव चालू ठेवावा’पर्यंत सुधारला. पाचव्या आठवड्यात एके दिवशी कक्षातलीच वीज गेली आणि टिटवीची आई दुपारीच घरी आली. घरात चिटपाखरू नाही. तिने हाक मारली, कुणी ओ दिली नाही.  आतल्या खोलीत पलंगाखालून चार पाय बाहेर आले होते, दोन लहान आणि दोन मोठे.

ती वाकली. पलंगाखाली टिटवी पालथी पडली होती आणि मागच्या भिंतीकडे टक लावून बघत होती. तिच्या शेजारी हेडमास्तर, तसेच पालथे, चष्मा कपाळावर, केसांत जळमटं. भिंतीवर काहीच नव्हतं.

“बाबा, काय बघताय?” तिने विचारलं.

हेडमास्तरांनी मान न वळवता, अगदी हलक्या आवाजात सांगितलं, “मला अजून दिसलं नाही. तिला दिसतंय.”

 तिने पर्स जमिनीवर ठेवली, साडीचा पदर खोचला आणि टिटवीच्या दुसऱ्या बाजूने पलंगाखाली सरकली.